चेहऱ्यास लावावयाचीं आम्लें

पुण्याहून सिंहगड रस्त्यानें रविवारीं निघणारा लोंढा ज्यानें पाहिला आहे, त्यास त्याचे दोन मुक्काम सांगावयास नकोत. पहिला खडकवासल्यास, धरणाच्या जलाशयाकांठीं, भाजलेलीं कणसें आणि कांद्याचीं भजीं यांसाठीं; दुसरा गडावर, मातीच्या लहान मडक्यांत विरजलेल्या दह्यासाठीं. तें दहीं आंबट लागतें तें त्यांतील लॅक्टिक आम्लामुळें. दुधांतील साखरेचें सूक्ष्म जंतू हें आम्ल बनवितात, आणि १७८० सालीं स्वीडनमधील रसायनवेत्ता कार्ल शेले यानें आंबलेल्या दुधांतून तें प्रथम वेगळें काढलें. गडावर दहीं खाणाऱ्या तरुण मंडळींपैकीं कित्येकांच्या घरीं, आरशाखालच्या फळीवर, हेंच नांव छापलेली एक लहानशी बाटली असते. तिच्या शेजारीं ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक, मँडेलिक अशीं आणखी नांवें असतात. ज्या घरांत ॲसिड म्हणजे न्हाणीघराची फरशी धुण्याची बाटली, लहान मुलांच्या हातीं लागूं नये म्हणून उंचावर ठेवलेली, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता, तेथें नात रात्रीं निजण्यापूर्वीं ॲसिड तोंडाला लावते हें ऐकून आजीनें कपाळावर हात मारावा यांत नवल नाहीं.

आजीचें भय अगदींच निराधार नाहीं, आणि नातीचा निर्धास्तपणाहि पुरता खरा नाहीं. आम्ल ही एक फार मोठी जात आहे. तींत गंधकाम्लहि येतें आणि ताकहि येतें. फरशीवर ओततात तें हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र खनिज आम्ल होय. चेहऱ्यासाठीं विकलीं जातात तीं सेंद्रिय आणि सौम्य आम्लें. परंतु सौम्य म्हणजे निरुपद्रवी असें मात्र नव्हे. तसें असतें तर त्यांचा उपयोगहि झाला नसता.

त्वचेच्या सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी कागदाच्या जाडीपेक्षांहि पुष्कळ कमी भरते, आणि तेवढ्यांत चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकमेकांवर बसलेले असतात. खालीं नवी पेशी जन्मते, ती वर सरकत येते, मरते, आणि शेवटीं डोळ्यांस न दिसणाऱ्या कोंड्याच्या रूपानें गळून पडते. तरुणपणीं या प्रवासास सुमारें चार आठवडे लागतात. वय वाढलें म्हणजे अधिक. पदरांना एकत्र धरणारे प्रथिनांचे सूक्ष्म टांके असतात. ते वेळच्या वेळीं सुटले नाहींत तर त्वचा खरखरीत आणि निस्तेज दिसते, रंध्रांचीं तोंडें बुजतात आणि मुरुमें उठतात. हे टांके सुटावे म्हणून आपल्याकडे आजवर घर्षणाचा मार्ग होता: दिवाळींतील उटणें, मसुरीचें किंवा हरभऱ्याचें पीठ, टांचेसाठीं वजरी. आम्लाचा मार्ग निराळा आहे. तें घांसत नाहीं. तें टांके सैल करतें, आणि पदर आपोआप सुटतो.

देवघरांतील पितळी समई चिंचेनें उजळणाऱ्या गृहिणीस हा भेद समजावून देण्याची गरज नाहीं. विटेच्या भुकटीनें समई घांसली तर ओरखडे पडतात. चिंचेंतील टार्टारिक आम्ल मळ विरघळवितें आणि धातूस धक्का लावीत नाहीं. परंतु तीच समई रात्रभर चिंचेंत बुडवून ठेवली तर तिच्यावर तांबूस चट्टे उठतात, कारण मळ संपल्यावरहि आम्लाचें काम थांबत नाहीं. तें मग पितळेंतील जस्त ओढूं लागतें. त्वचेचेंहि असेंच आहे. मृत पदर सुटल्यावर आम्ल पुढें जिवंत पेशींस झोंबतें. किती वेळ, किती तीव्र आणि किती वेळां, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत या विषयाचा निम्मा भाग येतो. उरलेला निम्मा उन्हाचा आहे.

या बाटल्या नव्या असल्या तरी त्यांतील एक आम्ल मराठी घरांना फार जुन्या काळापासून परिचित आहे. गजकर्णावर आणि नायट्यावर लावावयाच्या जुन्या मलमांत सॅलिसिलिक आम्ल असे. पायाच्या कुरुपावर चिकटवावयाच्या औषधी पट्टींत तें आजहि शेंकडा चाळीसपर्यंत असतें, आणि दोन-चार दिवसांत कुरुपाची कठीण कांतडी पांढरी व मऊ करून सोडतें. मधुमेह असलेल्या मनुष्यानें ही पट्टी डॉक्टरांवांचून लावूं नये, कारण बधिर पायास जखम कळत नाहीं; हें घरांतील वडील माणसांसाठीं जातां जातां सांगितलेलें बरें. विलो नांवाच्या झाडाच्या सालींतील औषधी द्रव्यापासून या आम्लाचें नांव पडलें. ॲस्पिरिन तें याचेंच भावंड. म्हणून ज्यास ॲस्पिरिन सोसत नाहीं त्यानें सॅलिसिलिक आम्लाच्या वाटेस जाऊं नये. तेंच आम्ल चाळीसांऐवजीं दोन टक्के घेतलें म्हणजे चेहऱ्यास चालतें. यावरून प्रमाणाचें महत्त्व ध्यानांत यावें.

दुसरा गट फळें, ऊंस आणि दूध यांतील आम्लांचा. त्यांचा त्वचेवरील उपयोग शास्त्रीय रीतीनें दाखविला तो अमेरिकेंतील युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या जोडीनें. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा विषय सौंदर्य हा नव्हताच. माशाच्या खवल्यांप्रमाणें कांतडी होणाऱ्या एका कष्टप्रद रोगाच्या रोग्यांस या आम्लांनीं आराम पडतो, हें त्यांनीं दाखविलें. प्रसाधनांचे कारखानदार मागाहून आले. ग्लायकॉलिक आम्ल उसाच्या रसांत असतें हें खरें. परंतु बाटलीवर उसाचें चित्र छापलें म्हणून आंतील आम्ल उसाचें झालें असें नव्हे. बाजारांतील बहुतेक ग्लायकॉलिक आम्ल कारखान्यांत रासायनिक रीतीनें तयार होतें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र चित्रासाठीं जादा पैसे मोजूं नयेत.

आतां बाटलीवरील आंकड्याकडे वळावें, कारण ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत तेथें होते. दुकानांत पांच टक्क्यांची आणि दहा टक्क्यांची अशा दोन बाटल्या शेजारीं असल्या तर दुसरी दुप्पट तीव्र असें कोणीहि म्हणेल. तसें असेलच असें नाहीं. पाण्यांतील आम्लाचे दोन भाग असतात: एक मुक्त आम्लाचा, दुसरा क्षाराच्या रूपांत बांधला गेलेला. मृत पदरांत शिरून टांके सोडविण्याचें काम मुख्यत्वें मुक्त भाग करतो. तो किती, हें पीएच नांवाच्या मापावर अवलंबून असतें. पीएच जितका कमी तितकी आम्लता अधिक; सातास पाणी, निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सुमारें पांच. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक ह्या दोहोंच्या बाबतींत पीएच ३·८ च्या सुमारास निम्मा भाग मुक्त असतो. त्याच्या वर गेलें कीं मुक्त भाग झपाट्यानें घटतो, खालीं आलें कीं झपाट्यानें वाढतो.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चांगल्या लागलेल्या दह्यांत लॅक्टिक आम्ल साधारणपणें एका टक्क्याहून थोडें कमी असतें, आणि पीएच चाराच्या थोडा वर. त्यांतील मुक्त आम्ल येतें शेंकडा पावाच्या आसपास. पांच टक्के लॅक्टिक आम्लाचें सीरम ३·८ पीएचचें असेल तर त्यांत मुक्त आम्ल अडीच टक्के, म्हणजे दह्याच्या जवळजवळ दहापट. आणि दहा टक्के छापलेल्या एखाद्या मलमाचा पीएच साडेपांच असेल तर? त्यांतील मुक्त आम्ल पुन्हां शेंकडा पावाच्याच घरांत येतें, म्हणजे गडावरील मडक्यांत असतें तेवढेंच. तेंच दहा टक्के तीन पीएचवर असेल तर जवळजवळ नऊ टक्के मुक्त! एकाच आंकड्याच्या दोन बाटल्यांत असें चाळीसपट अंतर पडूं शकतें. साडेपांचाचें मलम निरुपयोगी असें मात्र नाहीं; बांधलेलें लॅक्टिक आम्ल त्वचेंत ओलावा धरून ठेवतें, आणि कोरड्या कांतडीस तें हितकारकच आहे. परंतु पदर सोडविण्याचें काम तें करणार नाहीं. म्हणून टक्केवारीबरोबर पीएच छापणारा उत्पादक पसंत करावा. न छापणाऱ्यास विचारावें. विचारूनहि जो सांगत नाहीं त्यास सोडावें. अमेरिकेंतील प्रसाधन-द्रव्यांच्या तज्ज्ञ मंडळानें गेल्या शतकाच्या अखेरीस ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक या आम्लांना घरगुती वापरासाठीं जी मर्यादा सांगितली ती दहा टक्क्यांपर्यंत आणि पीएच साडेतीनाच्या खालीं नाहीं, अशी जोडीनेंच सांगितली, त्याचें कारण हेंच. तिसरी अटहि त्यांनीं घातली: उन्हापासून रक्षणाची सोय असावी.

मग बाटली कशाला, दहींच चेहऱ्यास फांसावें, असें म्हणणारे निघतील. ताजें दहीं फांसण्यास हरकत नाहीं. अपाय बहुधा नाहीं, लाभहि बेताचाच. परंतु दह्याच्या नांवाखालीं जें लिंबू चेहऱ्यावर चोळलें जातें त्याविषयीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोनाच्या जवळपास असतो, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या फारच खालीं. आणि तेवढ्यावर भागत नाहीं. आपल्या कागदी लिंबाच्या सालींत आणि रसांत कांहीं द्रव्यें अशीं आहेत कीं तीं त्वचेवर असतांना ऊन पडलें तर तेथें भाजल्याप्रमाणें लाली आणि फोड उठतात. लाली पुढील एक-दोन दिवसांत येते, म्हणून लिंबाचा संशय कोणास येत नाहीं. आणि मागें राहतात ते काळपट पट्टे महिनेच्या महिने जात नाहींत. सहलीस जाऊन उन्हांत सरबतासाठीं लिंबें पिळणाऱ्यांच्या हातांवर असे ओघळांच्या आकाराचे डाग डॉक्टरांस दिसतात. लिंबू नैसर्गिक आहे हें खरें. बिब्बाहि नैसर्गिकच आहे.

येथें मुद्द्याचा गाभा येतो, आणि तो परदेशांत लिहिलेल्या पत्रकांवरून पुरता कळत नाहीं. गोऱ्या कांतडीच्या मनुष्यानें आम्लाचा अतिरेक केला तर त्याचा चेहरा लाल होतो, सोलतो, आणि बहुधा पूर्ववत् होतो. सांवळ्या आणि गव्हाळ कांतडीची गोष्ट निराळी. तिला जळजळ झाली, मग ती आम्लानें असो, घांसल्यानें असो कीं मुरूम फोडल्यानें असो, कीं ती त्या जागीं रंगद्रव्य अधिक निर्माण करते. लाली चार दिवसांत जाते; तिच्या जागीं तपकिरी किंवा काळसर डाग येतो, आणि तो विरण्यास कित्येक महिने लागतात. रंगद्रव्य खालच्या थरांत उतरलें तर वर्षेंहि लागतात. म्हणजे जो डाग घालविण्यासाठीं बाटली आणली, तोच डाग अधिक गडद करून ती देते. आणि घाबरलेला मनुष्य काय करतो? डाग वाढला म्हणून आम्ल वाढवितो. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या कित्येक काळवंडलेल्या चेहऱ्यांची कहाणी एवढीच असते.

यास उन्हाची जोड मिळते. ग्लायकॉलिक आम्लावर झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं चार आठवड्यांच्या वापरानंतर त्वचा उन्हानें लाल होण्याचें प्रमाण सरासरी अठरा टक्क्यांनीं वाढतें, आणि वापर थांबविल्यावर सुमारें एका आठवड्यांत तें पहिल्या पातळीवर येतें. हा आठवडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २००५ सालीं अशा प्रसाधनांवर छापण्यासाठीं जी सूचना सुचविली तींत वापराच्या काळांत आणि नंतर एक आठवडा उन्हापासून जपावें असेंच म्हटलें आहे. ज्यानें रविवारीं खडकवासल्यास जावयाचें ठरविलें आहे त्यानें शनिवारच्या रात्रीं बाटली उघडली नाहीं एवढ्यानें भागत नाहीं. गेल्या बुधवारचें आम्लहि रविवारच्या उन्हांत हजर असतें.

खडकवासल्याचें ऊन फसवें आहे. पाण्यावरून किरण परततात म्हणून तेथें दुप्पट ऊन लागतें अशी समजूत आहे, ती चुकीची. पाण्याचा पृष्ठभाग त्वचेस भाजणारे अतिनील किरण दहा टक्क्यांपलीकडे क्वचितच परत फेंकतो. फसवितो तो वारा. जलाशयावरून येणाऱ्या गार झुळकीनें कांतडी तापल्याचें कळत नाहीं, आणि अर्धा तास म्हणतां म्हणतां दोन तास जातात. गडावर ऊन थोडें अधिकच. उंचीच्या दर हजार मीटरांस अतिनील किरण सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतात. जलाशयापासून गडाचा माथा सातएकशें मीटर उंच आहे, तेव्हां सहा-सात टक्क्यांची भर सहज पडते. उन्हाळ्यांत पुण्याच्या माध्यान्हीं या किरणांचा निर्देशांक अकराच्या पुढें, म्हणजे जागतिक मापनांतील अखेरच्या, अत्यंत तीव्र पायरीवर जातो. आणि पावसाळी ढगांचा भरंवसा नसावा. पातळ ढगांतून हे किरण पुष्कळसे खालीं उतरतात. श्रावणांतील ओल्या सकाळीं गड चढणाऱ्यास संध्याकाळीं आरशांत तें दिसतें.

तेव्हां नियम असा कीं सनस्क्रीन आधीं आणि आम्ल नंतर. खरेदींतहि आणि संवयींतहि. एक महिनाभर रोज सकाळीं सनस्क्रीन लावणें ज्यास जमलें नाहीं त्यानें आम्ल विकत घेऊं नये. एसपीएफ तीस किंवा अधिक, अतिनील-अ किरणांपासूनहि रक्षण करणारें, आणि तर्जनी व मध्यमा या दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या रेघा भरतील इतकें, असें चेहरा व मान यांस लावावें. उघड्यावर असतां दर दोन तासांनीं पुन्हां लावावें. ज्यांस वांग आहे त्यांस किंचित् रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण दृश्य प्रकाशानेंहि वांग गडद होतो आणि त्या रंगांतील लोहाचें संयुग तोहि अडवितें. पुण्याच्या मुली दुचाकीवर निघतांना डोळ्यांखेरीज सर्व मुख ओढणीनें गुंडाळतात, त्याची बाहेरगांवचे लोक थट्टा करतात. थट्टा करणाऱ्यांनीं ती थांबवावी; घट्ट विणीच्या कापडाइतकें विश्वासू रक्षण दुसरें नाहीं. फक्त आम्लाच्या दुसऱ्या दिवशीं ती ओढणी घाम्याघूम चेहऱ्यावर घांसली जाणार नाहीं, ती सुती व धुतलेली असेल, एवढें पाहावें.

निवडीविषयीं फार बोलण्यासारखें नाहीं. ग्लायकॉलिकचा रेणू या गटांत सर्वांत लहान, म्हणून तो जलद आणि खोल शिरतो, आणि झोंबतोहि अधिक. लॅक्टिकचा त्याहून मोठा व कोरड्या त्वचेस मानवणारा. मँडेलिकचा ग्लायकॉलिकच्या दुप्पट भाराचा, म्हणून संथ. कडू बदामांच्या सत्त्वापासून तें प्रथम मिळालें. सांवळ्या कांतडीनें प्रथम घ्यावें तें लॅक्टिक किंवा मँडेलिक, शेंकडा पांचाच्या आसपास. ज्यांचा चेहरा तेलकट आहे, रंध्रें काळीं दिसतात, मुरुमें येतात, त्यांना सॅलिसिलिक, कारण तें तेलांत मिसळून रंध्राच्या आंत पोंचतें. तें अर्धा ते दोन टक्के पुरे. गरोदर स्त्रीनें कोणतेंहि आम्ल डॉक्टरांस विचारून लावावें, आणि सॅलिसिलिक तर मोठ्या भागावर मुळींच लावूं नये. दहा-बारा वर्षांच्या मुलींना यांपैकीं कशाचीहि जरूर नाहीं. भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून त्या हट्ट धरतात, आणि आया तो पुरवितात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतील छात्रांप्रमाणें ज्यांचा दिवस मैदानावर जातो, किंवा जे रोज वस्तऱ्यानें दाढी करतात, त्यांनीं विशेष जपावें. पातें फिरविलेल्या कांतडीस त्याच दिवशीं आम्ल लावणें म्हणजे ओरखड्यावर लिंबू पिळण्यासारखेंच आहे. भुवया कोरल्यावर किंवा मेणानें केंस काढल्यावरहि दोन-तीन दिवस जाऊं द्यावे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्लानें मनुष्य गोरा होत नाहीं. रंगद्रव्य खालीं, जिवंत थरांत तयार होतें; वरचा पदर गेल्यानें त्वचा एकसारखी आणि तजेलदार दिसेल, निराळी होणार नाहीं. जें क्रीम आठ दिवसांत गोरेपणा देतें त्यांत आम्लाहून निराळें कांहीं आहे असें निश्चित समजावें. २०२३ सालीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेली अकोल्याची हकीकत अजून ताजी आहे. एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींस मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं कारण शोधलें तेव्हां त्या तिघी वापरीत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्यें पाऱ्याचें प्रमाण भयंकर आढळलें. भारताच्या २०२० च्या प्रसाधन-नियमांप्रमाणें डोळ्यांखेरीज इतर प्रसाधनांत पारा नकळतहि दहा लाखांत एका भागाहून अधिक असतां कामा नये. दुसरें एक द्रव्य म्हणजे स्टेरॉईड. त्यानें चेहरा पहिले कांहीं दिवस खरोखरच उजळतो, मग पातळ होतो, लाल होतो, आणि क्रीम सोडलें कीं पेटतो. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा चौदा स्टेरॉईडांच्या मलमांची चिठ्ठीवांचून विक्री बंद केली, तरी तीं हातोहात मिळतातच. म्हणून उत्पादकाचें नांव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी, यांतील एकहि गोष्ट ज्या डबीवर नाहीं ती फुकट मिळाली तरी घरांत आणूं नये. कायद्यानें घटक उतरत्या प्रमाणांत छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र शेवटीं कोणत्याहि क्रमानें चालतात. म्हणून आम्लाचें नांव यादीच्या अगदीं तळाशीं सापडलें तर जाहिरातींतील पराक्रम कोणत्या घटकाचा, याचा विचार करावा.

वापराची रीत साधी आहे. नवें आम्ल प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस किंवा कानामागें तीन-चार रात्रीं लावून पाहावें. तेथें कांहीं न झाल्यास आठवड्यांतून एकदां, रात्रीं, सौम्य साबणानें धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर पातळ थर द्यावा. ओल्या कांतडींत तें अधिक झोंबतें. डोळ्यांचे व ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या घड्या सोडाव्या. वर साधें ओलावा धरणारें क्रीम लावावें. महिना असा सुरळीत गेला तर आठवड्यांतून दोनदां. पुष्कळ चेहऱ्यांना त्यापुढें जाण्याचें कारणच पडत नाहीं. एकच बाटली एका वेळीं. रेटिनॉलचें किंवा ट्रेटिनॉइनचें औषध चालू असल्यास तें आणि आम्ल एकाच रात्रीं नको. आम्लाच्या रात्रीं उटणेंहि नको, खरखरीत स्क्रबहि नको. तोंड धुण्याच्या फेसांतहि आतां आम्ल घातलेलें असतें, टोनरमध्येंहि असतें, आणि सीरममध्यें तर असतेंच. तिन्ही एकदम वापरणाऱ्यास आपण तिप्पट आम्ल लावीत आहों याची जाणीव नसते. किंचित् चुणचुण दोन-तीन मिनिटें झाली तर चालेल. पांच मिनिटांनंतरहि आग होत असेल तर धुवून टाकावें. सकाळीं तोंड धुतांना साधें पाणी झोंबूं लागलें, कांतडी ताणल्यासारखी आणि अभ्रकासारखी चकचकीत दिसूं लागली, तर पदर गरजेपेक्षां अधिक गेला असें समजून आम्ल निदान तीन-चार आठवडे बंद ठेवावें. रंगपंचमीच्या आधींचा आठवडा, गणपति विसर्जनाच्या मिरवणुकीचा आठवडा, आणि लग्न महिन्याभरांत असतां नवी बाटली, हीं तिन्ही टाळावीं.

वीस-तीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंतचीं आम्लें डॉक्टर दवाखान्यांत लावतात, त्यास पील म्हणतात. कांतडी पाहून, घड्याळ हातीं धरून, योग्य क्षणीं तें उदासीन करून थांबविण्यांतच तेथील कौशल्य असतें. हींच तीव्र द्रावणें जाळ्यावरील दुकानांतून घरपोंच मिळूं लागल्यापासून लोक तीं न्हाणीघरांत उभे राहून लावूं लागले आहेत. तें करूं नये. केलें असेल आणि भाजलें असेल तर लगेच वाहत्या गार पाण्यानें पंधरा-वीस मिनिटें धुवावें. हळद, लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, बर्फ, यांपैकीं कांहीं लावूं नये. फार तर साधें पेट्रोलियम जेली. सुटलेली सालपटें ओढूं नयेत. फोड आले, पांढरट किंवा राखाडी चट्टा पडला, किंवा थेंब डोळ्यांत गेला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. डोळा वाटेंतहि धुवीत राहावा. पुण्यांत ससून रुग्णालयांत त्वचारोगांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तेथें बाह्य रुग्णांस तपासतात. जातांना बाटली तिच्या खोक्यासह बरोबर न्यावी, आणि शेवटचें कधीं, किती वेळ लावलें, त्या आठवड्यांत आणखी काय लावलें होतें, हें कागदावर टिपून न्यावें. डॉक्टर पहिल्यानें हेंच विचारतात.